सात मेगापिक्सेलचा ढावलो

कॅमेरा घ्यायचा म्हणून उज्ज्वला चव्हाणने घरात विषय काढला, तेव्हा तिच्या नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो अगदी बिनतोड होता.

"टेप आहे ना घरात? कपाटावर धूळ खाऊन राह्यला. त्याच्यातच भर ना आवाज. कॅमेरा कायले पाहिजे?"

प्रेमसिंग दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कारकून होता. हंगामात तो घरी यायचा तेव्हा भुवयांनासुद्धा रुई चिकटलेली असायची, आणि त्या अवतारात माणूस कितीही खरं बोलला तरी बायको ते मनावर घेत नाही.

"टेपवर भजनं भरतात," ती म्हणाली. "मले याडी गाताना दिसली पाहिजे."

"बारा वर्सांनी ढावलो! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच."

यावर मात्र ती चिडली. घोडं खरंच वरातीमागून निघालं होतं, आणि ते त्याच्याहून तिलाच जास्त ठाऊक होतं.

याडी म्हणजे आई. उज्ज्वलाचं माहेर दिग्रस-पुसद रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत, बंजाऱ्यांच्या तांड्यात. तिथली मुलगी सासरी निघते तेव्हा पदराने डोळे टिपत मुकाट्याने निघत नाही. ती एकेकाच्या गळ्यात पडते आणि गाऊन रडते. रडून गाते म्हटलं तरी चालेल. यालाच ढावलो म्हणतात. बापाच्या गळ्यात पडून बापाचं म्हणायचं, भावाच्या गळ्यात पडून भावाचं, आणि सगळ्यात शेवटी आईचं. सुरुवात मुलीने करायची. मग आई तिला धरून उत्तर देते. हे उत्तर कुठल्या पोथीतलं नसतं. आईने ते त्या एकाच पोरीसाठी मनात जुळवलेलं असतं, त्यात तिची दुखणी असतात, तिच्या खोड्या असतात, ती कशाला भ्यायची ते असतं. लग्नाआधी कितीतरी दिवस म्हाताऱ्या बायका नवरीला घेऊन बसतात आणि तिच्या वाटचं तिच्याकडून घोटून घेतात.

उज्ज्वला घोटायला बसलीच नव्हती. तेव्हा ती नुकती डी.एड. झाली होती, पुसदच्या वसतिगृहात राहून आली होती, आणि नवऱ्या मुलाचे दोस्त दिग्रसहून काळे गॉगल लावून मोटरसायकलींवर आले होते. त्यांच्यापुढे गळा काढायचा? "मी काय मरायला चालली काय?" असं तिने शिकवायला आलेल्या बायकांना ऐकवलं आणि निघायच्या वेळी, कोणाला काही समजायच्या आत, जीपमध्ये जाऊन बसली. बाप ती लहान असतानाच गेलेला, भाऊ नाहीच. म्हणजे गळ्यात पडायचं ते एकट्या सुखीबाईच्या. सुखीबाई दारात उभी होती. जीप निघाली, धूळ उडाली, आणि लग्न पार पडलं.

पुढे कोणी तिला बोल लावला नाही. उज्ज्वलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, दिग्रसला घर झालं, ती चारचौघांत आईला याडी न म्हणता आई म्हणू लागली. सुखीबाई तांड्यातच राहिली. लेक मराठीतून बोलते म्हणून तीही आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतून सुरू करायची आणि मराठीत येऊन थांबायची. सगळं सुरळीत चाललं होतं, ते त्या वर्षी नलूच्या लग्नात बिनसलं.

नलू ही सुखीबाईच्या शेजारच्या जमनीची मुलगी. निघताना ती जमनीच्या गळ्यात पडली आणि गाऊ लागली. दहावी नापास पोरगी, पण काय तिचा आवाज आणि काय ते शब्द! वडील नव्हते, तर ज्या खाटेवर ते बसायचे त्या खाटेच्या खुराला धरून तिने त्यांचंही म्हटलं. हातात आहेराचं ताट घेऊन उभ्या असलेल्या उज्ज्वलाला रडू आवरेना. जवळ उभ्या असलेल्या आईला ती म्हणाली, "याडी, माह्या वेळेस तू काय म्हणणार होती वं?"

सुखीबाईने लेकीकडे पाहिलं. "तुह्यं माह्यापाशीच हाये अजून," ती म्हणाली. "कोठं जाईन? तू घेतलंच नाई त."

हे वाक्य उज्ज्वलाच्या छातीत जाऊन बसलं. आईजवळ आपलं काहीतरी आहे, बारा वर्षं जपून ठेवलेलं, आणि आई साठीच्या पुढे गेली. ते आपल्याला मिळालं पाहिजे. ऐकलं पाहिजे, पाहिलं पाहिजे, आणि कायमचं घरात राहिलं पाहिजे. म्हणून कॅमेरा.

यवतमाळच्या मुख्य रस्त्यावरच्या एका फोटो स्टुडिओत तेव्हा नवे डिजिटल कॅमेरे काचेच्या पेटीत मांडून ठेवले होते. मालक अतुल म्हणून एक तरुण होता, बोलायला गोड आणि खोटं न बोलणारा. दुकानदारांत अशी माणसं असतात. उज्ज्वलाने पेटीवर वाकून दोन-तीन कॅमेरे हातात घेतले, उलटसुलट केले, आणि जाणकार माणूस विचारतो तसं विचारलं, "मेगापिक्सेल किती?"

हा शब्द तिला साधना मॅडमकडून मिळाला होता. साधना मॅडम तिच्याच शाळेतल्या, आणि त्यांच्याकडे पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. मेगापिक्सेल म्हणजे नक्की काय हे दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नसतं. पण पाचापेक्षा कमी घेऊन स्टाफरूममध्ये जाता येणार नाही, एवढं गणित उज्ज्वलाला पक्कं कळत होतं.

अतुलने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक काळा, ठोकळ्यासारखा, पाचाचा. दुसरा चंदेरी, चपळ दिसणारा, सातचा, बटण दाबलं की नळी बाहेर काढणारा.

"तुम्हाला नेमका कायसाठी पाहिजे, ताई?" त्याने विचारलं. "त्याच्यावर ठरते."

किती साधा प्रश्न. उत्तरही तितकंच साधं होतं: माझी आई रडून गाणार आहे, ते मला धरून ठेवायचं आहे. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. एक इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ, आणि एक कॉलेजातली पोरगी. त्यांच्यादेखत तांडा, ढावलो, गळ्यात पडणं, हे सगळं उलगडून सांगायचं उज्ज्वलाच्या जिवावर आलं. बारा वर्षांपूर्वी काळ्या गॉगलवाल्यांपुढे आली होती तीच लाज, तशीच्या तशी, काहीही न झिजता परत आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

"असंच," ती म्हणाली. "शाळेचे कार्यक्रम असतात. फोटोसाठी."

"फोटोसाठी मग हा सातवालाच घ्या. फोटोला याला तोड नाही."

"व्हिडिओ येते ना?"

"येते ना."

आणि तिने चंदेरी घेतला.

पुढचे काही दिवस तिचे मोठ्या हौसेत गेले. सोबतचं पुस्तक दहा भाषांत होतं आणि त्यात मराठी नव्हती. पहिल्या दिवशी प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात गुलाबी ढग दिसायचा. तो तिच्याच बोटाचा निघाला. बटण आधी अर्धं दाबायचं, हिरवी चौकट आली की मग पूर्ण, हे कळेपर्यंत शाळेतली सगळी पोरं भुतासारखी हललेली आली. पेन्सिल सेल तर कॅमेरा ऊस खाल्ल्यासारखे खायचा. पण हळूहळू हात बसला. सूर्य पाठीशी ठेवायचा, माणूस अगदी मधोमध नाही घ्यायचा, श्वास रोखून दाबायचं. प्रेमसिंगचा एक फोटो तर इतका छान आला, की भुवईवरची रुईसुद्धा मोजून घ्यावी. तोही खूश झाला आणि टेपचा विषय निघायचा बंद झाला.

व्हिडिओचीही तिने तालीम केली. मैदानात मुलांना कवायत करायला लावली आणि सगळी टिपली. परत लावून पाहिलं तर मुलं हात-पाय हलवत होती, तोंडं उघडत-मिटत होती, पण आवाज नव्हता.

"आवाज येत नाही हो यात," ती साधना मॅडमना म्हणाली.

"माझ्यातही येत नाही," मॅडम म्हणाल्या. "एवढ्याशा कॅमेऱ्याला स्पीकर कुठला? कम्प्युटरवर लावलं की येतो."

साधना मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या कॅमेऱ्याबद्दल ते अक्षरशः खरं होतं. आणि शाळेत कम्प्युटर नव्हता, घरात नव्हता, बाजारातल्या कॅफेत जाऊन पोरांची कवायत ऐकावी असं कोणाला वाटेल? उज्ज्वलाची खात्री झाली आणि ती निर्धास्त झाली.

दिवाळीच्या सुट्टीत ती तांड्यावर गेली. कापसाची पहिली वेचणी झालेली, पण भाव असा पडलेला, की कोणी विकायला नेईना. घराघरात पुढच्या खोलीत कापूस छातीइतका रचलेला आणि माणसं त्याच्या कडेने अंग चोरून जात-येत होती. फाट्यावरून चालत येताना सवयीने उज्ज्वलाने कॅमेरा गळ्यात अडकवला होता. तिथेच ती चुकली.

पहिल्याच घराच्या ओट्यावरची म्हातारी उठून उभी राहिली. "कोण गेलं वं?" तिने विचारलं.

"कोणी नाही, काकी. माहा स्वतःचा आहे हा."

पुढच्या घरीही तेच. "कोण गेलं?" त्या दोन-तीन वर्षांत या भागात कॅमेरा यायचा तो एकाच कारणाने यायचा. शेतातून माणूस परतला नाही की तिसऱ्या दिवशी टीव्हीची गाडी फाट्यावरून आत वळायची. नलूचा बाप गेला तेव्हा जमनीच्या दारातही आली होती. जमनी रडली, त्यांनी ते घेतलं, आणि मग त्यांच्यातला एक जण फार नम्रपणे म्हणाला होता, "बाई, पुन्हा एकदा रडाल का? बॅटरी संपली होती." आणि जमनी पुन्हा रडली होती. सांगितलं म्हणून रडली. त्यानंतर तिने त्या माणसाला कधी शिवी दिली नाही, पण स्वतःच्या रडण्यावरून मात्र तिचा विश्वास उडाला.

उज्ज्वलाच्या गळ्यातली चंदेरी डबी पाहिली आणि जमनीने दार लावून घेतलं.

"आत ठेव ते," सुखीबाई म्हणाली. "पिशवीत टाक. लोकाइच्या पोटात गोळा येते."

जेवणं झाली. ऊन कललं. उज्ज्वलाने आडवळणाने, मग सरळ, विषय काढला. सुखीबाई कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती. अंगावर रोजचा विटका फेटिया, म्हणजे तांड्यातल्या बायका नेसतात तो घागरा, आणि डोक्यावरून ओढणी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणतो मी," ती म्हणाली. "तुह्यंच हाये, तुले द्याचंच हाये. पण हे डबडं कायले मधात?"

"राहील ना याडी. मले पाहिजे तेव्हा पाहता येईल."

"अन् गळ्यात कशी पडशीन हे हातात घेऊन?"

"गळ्यात पडली तर दिसणार कसं? मी समोर उभी राहतो. तू माह्याकडे पाहून म्हण."

सुखीबाईला हसू आलं. "अवं, गळ्यात पडल्याबिगर ढावलो नाई येत बाई. ते का प्रार्थना हाये शाळेतली, समोर उभं राहून म्हणाले?"

पण लेक हट्टाला पेटली होती. बारा वर्षांनी लेक काहीतरी मागते आहे, आणि तेही आपल्याजवळचंच, याचं सुखीबाईला आतून बरंही वाटलं असणार. ती उठली. तोंड धुतलं, ओढणी नीट केली, आणि अंगणात निंबाखाली उज्ज्वलाने दाखवलेल्या जागी येऊन उभी राहिली. सूर्य उज्ज्वलाच्या पाठीशी होता. सगळं पुस्तकाबरहुकूम होतं.

"तू सुरू कर," सुखीबाई म्हणाली. "पोरगी सुरू करते."

"मले कुठं येते? तू तुह्यंच म्हण."

सुखीबाईने डोळे मिटले आणि सुरू केलं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. तो ढावलो कसा होता, हे उज्ज्वलाला सांगता येत नाही. तिने तो ऐकला, हे खरं. ती समोरच होती. पण तिचे डोळे त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर होते. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकत होता, तो आहे ना, हे ती पाहत होती. मध्येच एक कोंबडी चौकटीत शिरली, तिला ती पायाने हाकलत होती. आईची ओढणी चौकटीच्या बाहेर जात होती म्हणून ती एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक. मग बॅटरीचं चिन्ह अर्धं झालं आणि तिथून पुढे तिचं सगळं चित्त त्या चिन्हावर. आईचा आवाज चढत होता, फाटत होता, मध्ये 'छोरी' आलं, विहिरीचं काहीतरी आलं, तापाचं आलं. हे सगळं कॅमेऱ्यात जातंच आहे, ते नंतर सावकाश ऐकू, असं म्हणून तिने ते पुढे जाऊ दिलं. हातात आलेलं पाणी ओंजळ न करता सोडून द्यावं तसं.

संपलं तेव्हा सुखीबाई खाली बसली.

"झालं याडी, छान आलं," उज्ज्वला म्हणाली.

"झालं," सुखीबाई म्हणाली. "मोकळी झालो मी."

दिग्रसला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ती बाजारातल्या इंटरनेट कॅफेत गेली. सोबत प्रेमसिंगलाही नेलं. सासूचं उत्तर त्यानेही ऐकावं, वरातीमागच्या घोड्याची ऐट त्यालाही दिसावी, असा तिचा थोडासा डावही होता. पोऱ्याने वायर जोडली. मोठ्या पडद्यावर सुखीबाई आली आणि उज्ज्वलाच्या तोंडून 'अगं बाई' निघालं, इतकं ते लख्ख होतं. कपाळावरचं गोंदण, निंबाची सावली, सगळं. फक्त सुखीबाई नुसती तोंड हलवत होती.

"आवाज वाढवा," उज्ज्वला म्हणाली.

पोऱ्याने वाढवला. शेजारच्या कम्प्युटरवरचं सिनेमाचं गाणं वाढलं. मग त्याने हेडफोन लावून दिला. तिने तो कानावर घट्ट दाबून धरला. आत काहीच नव्हतं. साधी खरखरसुद्धा नव्हती.

"मॅडम, याच्यात आवाजच नाही. भरलाच नाही यानं," पोऱ्या म्हणाला.

ती तशीच बस पकडून यवतमाळला गेली. अतुलने कॅमेरा हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, या मॉडेलला माइक नाही. व्हिडिओ येते, पण मुकी येते. त्या पाचवाल्याला होता माइक." मग तो म्हणाला, "तुम्ही फोटोसाठी म्हणाल्या होत्या."

म्हणाल्या होत्या. यावर काय भांडणार? त्याने तर विचारलं होतं. आपल्याच आईचं नाव दुकानात घ्यायची लाज वाटली, त्याला तो बिचारा काय करील? परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून राहिली आणि घरी आल्यावर तिची नजर पहिल्यांदा कपाटावर गेली. टेप तिथेच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे वाक्य ती स्वतः चौथीच्या वर्गाला दर वर्षी समजावून सांगायची. प्रेमसिंगने टेपचं नाव काढलं नाही. त्याने चहा करून आणून दिला, आणि त्याच्या त्या न बोलण्याचाच तिला जास्त त्रास झाला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा तांड्यावर गेली. या वेळी कॅमेरा पिशवीच्या तळाशी, आणि त्यावर टेप, फडक्यात गुंडाळलेला. सुखीबाई अंगणात खाटेवर बसून मिरच्यांची देठं काढत होती. जमनीही बसली होती. उज्ज्वला पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, "याडी, ते आवाज नाही आला त्याच्यात. पुन्हा एकदा म्हणशीन का?"

जमनीचा मिरचीवरचा हात थांबला. तिने उज्ज्वलाकडे एकदा पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि उठून आपल्या घरात निघून गेली. तेव्हा उज्ज्वलाला कळलं, आपण कोणाचे शब्द बोललो ते. जीभ चावून परत घेता येत असते तर तिने ते शब्द परत घेतले असते.

सुखीबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आता नाई येत बाई," ती म्हणाली. "खोटं नाई सांगत. बारा वर्सं होतं इथं," तिने छातीवर हात ठेवला. "रात-दिस घोळत होतं. म्हटलं, अन् गेलं. आता मीच आठवून पाह्यलं, तर नाई आठवत. पोरीले वाटे लावलं, की मायच्यापाशी राहत नसते ते."

"थोडंसंही नाही?"

"तुले आठवते ना? तू होती ना समोर. तूच सांग मले."

उज्ज्वलाला विहिरीचं काहीतरी आठवत होतं. तापाचं काहीतरी. आणि बॅटरीचं अर्धं चिन्ह मात्र नीट, स्पष्ट आठवत होतं.

तिने पिशवीतून कॅमेरा काढला आणि ते मुकं चित्र आईला दाखवलं. दोघींची डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर टेकली. सुखीबाईने स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. आधी ती आपल्याच सुरकुत्यांना हसली. मग डोळे बारीक करून पाहू लागली.

पडद्यावरच्या सुखीबाईने गाता गाता डोळे उघडले आणि दोन्ही हात पुढे केले. समोरच्याला जवळ घ्यायला करतात तसे. ते हात तसेच राहिले. आणि मग चित्र थोडं लहान झालं, कारण उज्ज्वला तेव्हा एक पाऊल मागे सरली होती. हात खाली गेले. थोड्या वेळाने ते पुन्हा वर आले, चित्र पुन्हा लहान झालं. तिसऱ्यांदा हात वर आलेच नाहीत. सुखीबाईने आपल्याच ओढणीचं टोक दोन्ही मुठींत घेतलं आणि त्याला छातीशी धरून ती शेवटपर्यंत गात राहिली.

उज्ज्वलाने हे अंगणात पाहिलं नव्हतं. कॅफेत आवाजाच्या नादातही पाहिलं नव्हतं. ते आता पाहिलं.

"अन् तू कोठं हायेस याच्यात?" सुखीबाईने पडद्यावर बोट ठेवून विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

उज्ज्वलाने कॅमेरा खाटेवर टाकला. मिरच्यांत पडला की देठांत, तिने पाहिलं नाही. ती आईच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडू लागली, मैदानात पडलेली पहिलीतली मुलं रडतात तशी, कसलाही मान न राखता. आईच्या मानेला मिरचीचा आणि कापसाचा वास येत होता. सुखीबाईचे हात तिच्या पाठीवर आले.

रडणं ऐकून शेजारचं दार उघडलं. जमनी धावतच बाहेर आली. खाटेवर पडलेला कॅमेरा आणि एकमेकींना बिलगलेल्या मायलेकी पाहून तिचा चेहरा पांढरा पडला.

"कोण गेलं वं, सुखीबाई?"

"कोणी नाई गेलं," सुखीबाई लेकीला न सोडता म्हणाली. "माही पोरगी सासरी चालली."

जमनीने एक मोठा श्वास सोडला. मग ती हळूच पुढे आली आणि डोक्यावरची ओढणी नीट करून खाटेजवळ उभी राहिली, पाठवणीच्या वेळी बायका उभ्या राहतात तशी. सुखीबाई आणि जमनी, दोघीही थांबल्या होत्या. रीतच तशी आहे. सुरुवात पोरीने करायची असते.

उज्ज्वलाने तोंड उघडलं. तिला एक ओळही येत नव्हती.